बकेट पुढे, ताकद मागे

ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या बकेटमध्ये 500 किलो ओला गाळ भरून उचलला, तर पुढच्या चाकांवरचं वजन किती वाढेल? दहापैकी नऊ जण सांगतील, 500 किलो. आणखी कुठून येणार? पण वाढतं ते 800 किलोंच्याही वर. वरचे तीनशे किलो ना गाळात होते, ना बकेटच्या लोखंडात. ते ट्रॅक्टरच्याच मागच्या चाकांवरून निघून पुढे आलेले असतात. लोडर नावाच्या साध्या दिसणाऱ्या यंत्रातली सगळी गंमत, आणि सगळा धोकाही, या तीनशे किलोंत आहे.

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या पट्ट्यात उन्हाळा हा माती हलवायचा हंगाम. दक्षिणेला गोदावरी, तालुक्यातून गेलेला जायकवाडीचा डावा कालवा, जवळच समर्थ रामदासांचं जांब आणि चहूकडे ऊस, कापूस, मोसंबी. पाऊस पडायच्या आत उकिरड्यातलं शेणखत रानात पडायला हवं, बांध सावरायला हवेत, आणि तलावाचा तळ उघडा पडला असेल तर तिथला गाळ शेतात यायला हवा. राज्य सरकारनं 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हापासून गाळाच्या या कामाला सरकारी नाव मिळालं. तलावातला उपसा जेसीबी आणि पोकलेन करतात. पण शेताच्या कडेला पडलेला ढीग पसरवायचा कसा? गोठ्यामागचं खत ट्रॉलीत भरायचं कसं? दर वेळी जेसीबी बोलावणं परवडत नाही. मग घरच्याच ट्रॅक्टरला पुढे दोन लोखंडी हात आणि एक बकेट बसवून घेतात. अमेरिका-कॅनडात घरामागचं असंच फुटकळ काम ‘एटीव्ही’ नावाच्या छोट्या चारचाकी गाडीला बकेट लावून करतात. यंत्र लहान असो की मोठं, पुढे ओझं उचलायचं म्हटलं की नियम तेच लागू होतात.

आधी ही ताकद येते कुठून ते पाहू. ड्रायव्हर दोन बोटांनी लिव्हर ओढतो आणि पाच क्विंटल माल अलगद वर जातो. मधे ना साखळी, ना दोर, ना दातेरी चाकं. आहे फक्त तेल. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं मांडलं. 1795 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं त्याच तत्त्वावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. आज ट्रॅक्टरचा पंप तेलाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोंच्या आसपास दाब देतो. लोडरच्या सिलिंडरमधला पिस्टन 6 सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे 28 चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा : सव्वाचार टन. दोन बाजूंना दोन सिलिंडर, म्हणजे साडेआठ टन. हातात मावणाऱ्या जाडीच्या दोन दांड्या आणि करंगळीएवढ्या जाडीचे रबरी पाइप!

मग बकेट साडेआठ टन उचलते का? नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. पिस्टन फार तर अर्धा मीटर सरकतो. बकेट मात्र ट्रॉलीच्या फळीवरून जायला हवी, म्हणजे दोन-अडीच मीटर चढायला हवी. म्हणून सिलिंडर हाताच्या मुळाशी, सांध्याजवळ जोडलेला असतो आणि बकेट लांब टोकाला. पिस्टन एक वीत सरकला की टोक पाच विती चढतं. पण जितक्या पट उंची मिळाली तितक्या पट ताकद द्यावी लागते. साडेआठ टनांचे टोकाला उरतात जेमतेम पावणेदोन टन, आणि त्यातूनही हातांचं आणि बकेटचं स्वतःचं वजन वजा होतं. निसर्गाच्या हिशेबात इथे सूट नाही. तरीही उरते ती ताकद आपल्या कामाला पुरून उरणारी असते. लोडरचं घोडं तेलाच्या दाबाशी अडत नाही, ते अडतं वजनाशी.

आता त्या तीनशे किलोंकडे वळू. मातीनं भरलेलं घमेलं पोटाशी धरून माणूस सहज चालतो. तेच हात लांब करून धरायला सांगा, तो पुढे झुकतो आणि टाचा उचलल्या जातात. घमेल्याचं वजन तेच असतं, बदलतं ते अंतर. ट्रॅक्टरचं गणित मांडून बघा. 45-50 एचपीचा ट्रॅक्टर, वजन 2,000 किलो. त्यातले 800 पुढच्या चाकांवर, 1,200 मागच्या. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर 2 मीटर. बकेटमधला माल पुढच्या एक्सलच्याही सव्वा मीटर पुढे. आता 500 किलो उचला. पुढचा एक्सल टेकू होतो आणि मागची चाकं हलकी होऊ लागतात. 500 गुणिले सव्वा, भागिले 2 : मागच्या चाकांवरून 312 किलो उतरतात आणि पुढे जाऊन बसतात. मागे राहतात 888. पुढे होतात 1,612, म्हणजे आधीच्या दुप्पट. लोडरचं लोखंड यात धरलेलंच नाही.

हे आकडे डोळ्यांनीही दिसतात. भरलेली बकेट जमीन सोडते तेव्हा पुढचे टायर खालून पसरतात, स्टीअरिंग जड होतं, आणि मोठाल्या मागच्या टायरच्या नक्ष्या मातीत नुसत्या टेकल्यासारख्या दिसतात. खरी अडचण इथूनच सुरू होते. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर मागच्या चाकांवर चालतात. पकड मागेच हवी, आणि वजन तर तिथूनच निघून गेलं. ब्रेकही मागच्याच चाकांना असतात. म्हणजे ओझं जितकं जास्त, तितकी ओढ कमी आणि थांबण्याची खात्रीही कमी.

मुळात ट्रॅक्टर हे पाठीमागून काम करणारं यंत्र. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं तीन सांध्यांवर अवजार टांगायची पद्धत बसवली, आणि 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमधून ती जगभर गेली. आज घनसावंगीतला नांगरही त्याच तीन सांध्यांवर लटकतो. तिची खुबी अशी, की नांगर जमिनीत ओढला जाताना त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. काम जितकं जड, तितकी पकड घट्ट. हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरसारखा ओढू लागतो. पुढची बकेट या सगळ्या शहाणपणाच्या नेमकी उलट वागते.

यावर उतारा एकच, आणि तो फर्ग्युसनच्याच तीन सांध्यांवर टांगता येतो. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे 400 किलोंचं वजन लटकवा. पुन्हा तोच हिशेब, उलट्या दिशेनं : मागच्या चाकांवर 600 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 200 किलो उतरतात. सहा फुटी रोटाव्हेटर साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. म्हणून लोडर चालवणारा जाणता ड्रायव्हर रोटाव्हेटर सोडायला निघालेल्या मालकाला थांबवतो, “राहू द्या मालक, मागं वजन लागतंय.” मागच्या टायरमध्ये पाणी भरायची आपल्याकडची पद्धतही याच कामाची. पाणी पुढच्या एक्सलचं ओझं हलकं करत नाही, पण मागची पकड टिकवतं आणि वजन खाली, जमिनीलगत ठेवतं. जेसीबीच्या रचनेतही हाच विचार सापडतो. जोसेफ सिरिल बॅमफर्डनं 1945 मध्ये इंग्लंडमधल्या युटॉक्सिटर गावी एका गॅरेजात ट्रेलर बनवून धंदा सुरू केला. 1953 मध्ये त्याच्या कंपनीनं पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात एकाच यंत्रावर आणले. 1979 पासून ते यंत्र हरियाणातल्या बल्लभगडला बनू लागलं. मागचा तो हात खोदत नसतो तेव्हाही पुढच्या बकेटचा भार तोलत असतो.

इथवर पुढे-मागे झुकण्याचं झालं. बाजूला कलंडण्याची गोष्ट याहून नवलाची आहे. ट्रॅक्टरच्या समोर उकिडवे बसून खाली बघा. पुढचा एक्सल दोन्ही टोकांना आवळलेला नसतो. मधोमध एका जाड पिनेवर तो झुलता ठेवलेला असतो. म्हणूनच एक चाक बांधावर चढलं आणि दुसरं सरीत उतरलं, तरी इंजिन बरंचसं सरळ राहतं. पण या सोयीची किंमत आहे. ट्रॅक्टर कलंडू लागतो तेव्हा पुढची दोन चाकं त्याला लगेच धरत नाहीत. एक्सल झुलून अडेपर्यंत ती नुसती वळत राहतात. दिसायला चारचाकी, पण तोलाच्या हिशेबात ट्रॅक्टर तीनच टेकूंवर उभा असतो : दोन मागची चाकं आणि पुढची ती पिन. या त्रिकोणाच्या आत वजनाचा मध्य आहे तोवर सगळं ठीक. भरलेली बकेट काय करते? तो मध्य पुढे सरकवते, त्रिकोण जिथे निमुळता होतो तिथे. आणि बकेट वर नेली की तोच मध्य उंचही होतो. निमुळत्या जागी, उंचावर. मग एका बाजूचं चाक वीतभर खड्ड्यात जाणंही पुरेसं ठरतं.

या त्रिकोणाचा धडा एटीव्हीच्या इतिहासानं सगळ्या जगासमोर गिरवला. होंडानं 1970 मध्ये अमेरिकेत आणलेली पहिली एटीव्ही तीनचाकी होती : पुढे एक चाक, मागे दोन. उलटून होणारे अपघात इतके वाढले, की 1988 मध्ये अमेरिकेत कंपन्यांना नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबवावी लागली. तोवर सुझुकीची चारचाकी आलेली होती आणि पुढे तीच रूढ झाली. आज त्या गाड्यांना बकेट लावतात, तेव्हा तेलाच्या पंपाऐवजी बहुधा पुढच्या विंचचा दोर किंवा छोटी विजेची मोटर ती उचलते. गाडीच मुळात तीन-चारशे किलोंची. पुढे एक-दीड क्विंटल माती आली की तिची मागची बाजू तरंगायला लागते. वर पुढच्या स्प्रिंगा दबून बकेटचं नाक खाली जातं ते वेगळंच. तिथेही मागे वजन बांधायलाच सांगतात.

आपल्या काळ्या मातीत या हिशेबाला आणखी एक पदर आहे. बकेट तीच, पण माल बदलला की वजन कुठल्या कुठे जातं. 0.3 घनमीटरच्या बकेटमध्ये कुजलेलं, सुकं शेणखत भरलं तर दीड-पावणेदोन क्विंटल होतं. तीच बकेट ओल्या गाळानं भरली की पाच क्विंटल. डोळ्यांना ढीग सारखाच दिसतो. शिवाय काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी धरून फुगतात आणि पत्र्याला चिकटून बसतात. बकेट पालथी केली तरी निम्मा माल आतच, आणि ड्रायव्हर झटके देऊन तो पाडायला बघतो. हात वर असताना दिलेला प्रत्येक झटका त्या त्रिकोणाची परीक्षा घेतो. गाळ थोडा सुकू दिला तर तो सुटतोही आणि हलकाही होतो.

चांगला चालवणारा ओळखायचा कसा? तो ढिगात जोरानं घुसत नाही. लो गिअरमध्ये बकेटचा तळ जमिनीला समांतर ठेवून शिरतो, आणि आत गेल्यावर उचलण्याऐवजी आधी बकेट मागे वळवतो. माल सुटतो तो याच वळण्यानं. सरळ उचलायला गेलं तर अख्खा ढीग अंगावर घेतल्यासारखं इंजिन दबतं. हात वर जाताना तो दुसऱ्या लिव्हरनं बकेट थोडी थोडी पुढे झुकवत राहतो, कारण साध्या लोडरमध्ये हात चढला की बकेट आपोआप मागे कलते आणि वरचा माल हातांवरून घरंगळत थेट ड्रायव्हरकडे येऊ शकतो. हात आडवे होतात त्या क्षणी तो घाई करत नाही. बकेट तेव्हाच सर्वांत पुढे गेलेली असते आणि मागची चाकं सर्वांत हलकी. चालताना बकेट जमिनीपासून फूटभरच वर. उतारावर आडवं जाणं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. पसरवायच्या वेळी तो लिव्हर फ्लोटला टाकतो; मग तेल हातांना धरून ठेवत नाही आणि बकेट जमिनीच्या उंच-सखलपणाबरोबर आपोआप सरकते. पूर्वी बैलजोडीच्या मागे ओढायची केणी माती अशीच लोटत नेई, फक्त तिला हा तोल सांभाळावा लागत नसे, कारण ओझं जमिनीवरच असायचं.

लोडर विकत घेताना सगळे विचारतात, किती उचलतो? त्याआधी दोन गोष्टी विचारा. त्याची चौकट पुढच्या बंपरलाच अडकवली आहे, की मागच्या एक्सलपर्यंत नेऊन बांधली आहे? आणि मागे किती वजन लावायचं? पहिल्याचं उत्तर ‘मागपर्यंत’ आलं आणि दुसऱ्याचं किलोंमध्ये आलं, तर विकणाऱ्याला आपलं काम कळतं. आणि रोटाव्हेटर सोडून ठेवला असेल, तर तो परत जोडल्याशिवाय भरलेली बकेट जमिनीवरून उचलू नका.