वैलावरचं सफरचंद

दिवाळीला चार दिवस असताना झरीला मामीकडं गेलो. ओसरीवर सोयाबीनची पोती रचलेली आणि त्यांना टेकून सफरचंदांची पेटी. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या या काळ्या रानात सफरचंद कुठलं? पण सप्टेंबर-ऑक्टोबरात काश्मीर-हिमाचलचा माल उतरला की हातगाडे गल्लीपर्यंत येतात, आणि डाग पडलेली फळं सांजच्याला देईल त्या भावात निघतात. पेटी तसल्याच मालाची होती.

मामेभावाचा मुलगा अमेरिकेहून आला होता. टॉवेलांत गुंडाळून त्यानं एक जड वस्तू आणली होती. बाहेरून विजेची शेगडी, आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. तो स्लो कुकर. तिकडं पानगळीच्या दिवसांत बागेत जाऊन सफरचंदं तोडायची आणि रात्रभर त्यात शिजवून ॲपलसॉस करायचा, हे त्यांच्या घरात आता वार लावल्यासारखं ठरलेलं. मामीनं विचारलं, “सॉस म्हंजे टमाट्याचाच ना रे?”

अडॅप्टर मीच शोधून दिला, म्हणून पुढचं पाप माझं. अडॅप्टरनं पिना बसतात, व्होल्ट बदलत नाहीत. तिकडं वीज १२० व्होल्टची, आपल्याकडं २३०. व्होल्ट जवळजवळ दुप्पट झाले की तारेत निर्माण होणारी उष्णता दुपटीवर थांबत नाही, ती वर्गाच्या हिशेबानं वाढते. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. अडीचशे वॅटचं यंत्र नऊशेच्या वर गेलं, जळका वास आला आणि घरातली वीजही गेली.

“एवढ्यासाठी लाइट कशाला जाळायलाव? वैलावर ठेवा की,” मामी म्हणाली.

वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं दुसरं तोंड. मुख्य तोंडावर भाकरी चालू असताना जाळाची उरलेली धग तिथं पोचते. भाकरी झाल्यावर मामी वैलाखाली निखारे ओढते आणि वर राख भुरभुरते. आच कमी-जास्त करायचं बटण म्हणजे ती राख. आपल्याकडं दूध याच आचेवर तापून लालसर व्हायचं, निजामी मुलखातला हलीम मंद आचेवरच तासन्‌तास घोटला जातो, आणि हुरडा भाजायलाही जाळ नको, गोवऱ्यांचा आर लागतो.

गंमत म्हणजे स्लो कुकरचा जन्मही असल्याच भट्टीतला. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सननं आईकडून लिथुआनियातल्या जुन्या दिवसांची गोष्ट ऐकली होती. ज्यू लोकांना शब्बाथला चूल पेटवता येत नाही, म्हणून आदल्या सांजेला कडधान्य-मांसाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून यायचं. त्यावरून त्यानं विजेचं भांडं केलं. पेटंटचा अर्ज १९३६चा, पेटंट मिळालं १९४० साली. पुढं रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावानं तेच भांडं बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. सकाळी भरून जायचं, संध्याकाळी वाढून घ्यायचं.

आता मामीचं बघा. दोन किलो फळं कोमट पाण्यानं चोळून धुतली, कारण वर मेणाचा हात असतो. डाग आणि बिया काढल्या, साल मात्र ठेवली. फळाला घट्टपणा देणारं पेक्टिन सालीत भरपूर असतं. कल्हईच्या पातेल्यात फोडी, वर अर्धी वाटी पाणी. बिनकल्हईचं पितळ आंबट फळाला चालत नाही. एका लिंबाचा रस पिळला, कारण चिरलेलं सफरचंद हवा लागली की विकरामुळं काळं पडतं, आणि हातगाड्यावरचा लाल डेलिशस तसाही नुसता गोड. दालचिनीचा तुकडा टाकला. वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. त्या पाण्यानं ताट गार राहतं, वाफेचं खालून पाणी होतं आणि थेंब थेंब परत फोडींवर पडतं. काचेच्या झाकणाचं कामही नेमकं हेच. सफरचंदात शेकडा ८५ भाग पाणी, ते आतल्या आत फिरतं, म्हणून तळ लागत नाही.

तीन तासांनी फोडी बोटानं चेपल्या. मग मामीनं फळीवरून पुरणयंत्र काढलं. खाली रवाळ, गुलाबीसर गर उतरला, वर साली राहिल्या. तिकडं याच कामासाठी वेगळी चाळणी विकत घेतात, असं पोरगा म्हणाला. गरात साखरेचा दाणा नाही. म्हणून तो फ्रीजमध्येही आठ-दहा दिवसच टिकतो. गुळांबा वर्षभर राहतो तो गुळानं पाणी धरून ठेवल्यामुळं. इथं धरणारं कुणी नाही.

स्लो कुकर अमेरिकेचा, तसं त्यात शिजणारं फळही तिकडचंच. डेलिशस हा वाण आयोवा राज्यातला. सॅम्युअल स्टोक्स हा अमेरिकन हिमाचलात कोटगढला स्थायिक झाला, १९१६ मध्ये त्यानं या वाणाची रोपं तिथं लावली, पुढं हिंदू होऊन सत्यानंद झाला. ते झाड सिमल्याच्या थंडीत रुळलं. मराठवाड्यात रुळणं अवघड, कारण डेलिशसला हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी साधारण हजार तास लागते. परभणीत डिसेंबरची एखादी रात्र चार-पाच अंशांवर येते, पण दुपारी पुन्हा ऊन. हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारा एचआरएमएन-९९ हा वाण निवडला, त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ते झाड पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये फळतं. महाराष्ट्रातही हौशी शेतकऱ्यांनी लावून पाहिलंय. मामाच्या डोक्यात आता ते शिरलंय. विहिरीचं पाणी मे महिन्यात कुठं जातं, हे मामी त्याला विचारते.

दुसऱ्या दिवशी उरलेला गर मामीनं कणकेत घातला. वर चिमूटभर मीठ, गूळ आणि तेलाचं मोहन. भोपळ्याचे करतात तसे घारगे थापले. पाणी लागलंच नाही, गराच्या ओलीतच कणीक मळली. पोरगा चार खाऊन म्हणाला, तिकडं केकमध्ये तेलाऐवजी हा गर घालतात. “आणि आपण तळायलो,” मामी म्हणाली.

स्लो कुकरची शेगडी भंगारात गेली. आतलं चिनी मातीचं भांडं शाबूत होतं. त्यात आता लिंबाचं लोणचं मुरायला ठेवलंय, काचेच्या झाकणासकट.