जनुकांची वही आणि सोयरीक

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे तीन अब्ज अक्षरांचा लेख दडलेला असतो. तो वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २००३ मध्ये त्याची पूर्तता जाहीर झाली. वस्तुतः सुमारे ८ टक्के मजकूर तेव्हाही कोराच होता. एकसारखी अक्षरे पुनःपुन्हा येणारे ते भाग २०२२ मध्ये उलगडले. तेरा वर्षांचे हे काम आता एका व्यक्तीपुरते काही दिवसांत होते.

या वाचनातून निघालेली एक गोष्ट व्यापारी कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावी. आंध्र-तेलंगणातील वैश्य हा आपल्यासारखाच पेढीवर वाढलेला समाज. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन नावाचे औषध देतात. रक्तातील एक विकर ते काही मिनिटांत निकामी करते. ज्यांच्यात हे विकर नसते, त्यांना तासन्‌तास स्वतःहून श्वास घेता येत नाही. तोवर कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. हा दोष वैश्यांत इतरांपेक्षा सुमारे शंभरपट आढळतो.

कारण साधे आहे. मूळ पूर्वज थोडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी समाजातच. एखाद्या पूर्वजातील दोष मग मुद्दलावर व्याज चढावे तसा पसरतो. जवळचे नाते टाळले म्हणून तो टळत नाही. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाज तपासले. त्यांपैकी ८१ समाजांत हा परिणाम अश्केनाझी ज्यूंहूनही तीव्र दिसला.

त्या ज्यूंमध्ये टे-सॅक्स हा बालकांचा प्राणघातक आजार होता. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारांत एक. त्यांच्यातील सनातनी मंडळींनी १९८० च्या दशकात एक युक्ती योजली. तरुणांची तपासणी करून प्रत्येकाला केवळ क्रमांक द्यायचा. स्थळ आले की दोन क्रमांक जुळवून पाहायचे. वाहक कोण, हे खुद्द त्या मुलीलाही कळत नाही, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोठून कळणार? (आपल्याकडे मुलीच्या नावावर शिक्का बसायला किती वेळ लागतो, हे सांगायला नकोच.)

भारतातील १०,००० व्यक्तींचे जनुकसंच जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. आपल्यापुरते आज करण्याजोगे काम मात्र लहान आहे: शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने ‘घरात कुणाला भूल उतरायला फार वेळ लागला होता का?’ असे विचारले, तर आजीला विचारूनच उत्तर द्यावे.