ग्लायडरची शर्यत आणि हजार गुणांचं गणित

ठरवून दिलेला तीनशे किलोमीटरचा फेरा इंजिनाविना सर्वांत कमी वेळात पूर्ण करायचा, ही ग्लायडरची शर्यत. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती खर्चत पुढचा थर्मल गाठायचा. दोन थर्मलांच्या मधे किती वेगानं जावं, याचं गणित पॉल मॅक्रेडी यांनी मांडलं आणि १९५६ मध्ये फ्रान्समध्ये ते जगज्जेतेही झाले. पण पुढचा थर्मल किती जोराचा आहे, याचा अंदाज आल्याशिवाय ते गणित सुटत नाही. हवा दिसत नाही. तिच्यात चढणारं दुसऱ्याचं ग्लायडर मात्र दिसतं.

म्हणून उशिरा निघणाऱ्याचा फायदा होतो. पुढच्यांनी शोधलेले थर्मल त्याला आयते मिळतात. मग चांगली दुपार वाया घालवत सगळेच सुरुवातीच्या रेषेजवळ एकमेकांवर डोळा ठेवून घुटमळतात. निघतात तेही थव्यानं. एकाच थर्मलमध्ये वीस ग्लायडर फिरत असले की टक्कर होण्याचा धोका खराखुरा असतो.

याचं मूळ वैमानिकांच्या भित्रेपणात शोधू नये. ते गुणांच्या सूत्रात आहे. जागतिक स्पर्धांत दीर्घकाळ चाललेल्या सूत्रानुसार दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात. जवळपास सगळे चांगल्या वेगानं परतले, तर त्यांतले सुमारे ६६७ वेगाचे आणि ३३३ अंतराचे असतात. विजेत्याहून एक टक्का हळू आलेल्याचे जेमतेम २० गुण जातात. तीनशेपैकी २९० किलोमीटर उडून शेतात उतरलेल्याच्या हाती मात्र ३२० च्या आसपासच गुण लागतात. स्वतःची वाट शोधून कमवायचे वीस, गमवायचे पावणेसातशे! अशा हिशेबात थवा सोडून कोण जाईल?

२००५ पासूनच्या ग्रां प्री शर्यतींनी वेगळा मार्ग धरला. सगळे एकाच क्षणी निघतात आणि गुण क्रमांकावर मिळतात. एका वाईट दिवसाची किंमत त्यामुळे मर्यादित राहते आणि वैमानिक धाडस करतात. घुटमळणं संपतं, पण एकदम सुटलेला ताफा पहिल्या थर्मलमध्ये पुन्हा एकत्र येतोच. शिवाय सेकंदाच्या फरकानं मागे राहिलेला आणि दहा मिनिटांनी मागे राहिलेला यांच्यात मला फरक हवा वाटतो, तो क्रमांक पुसून टाकतो.

अधिक मोलाची सूचना अर्थशास्त्रज्ञ आणि ग्लायडर वैमानिक जॉन कोक्रेन यांची आहे: जमिनीपासून ठरावीक उंचीच्या खाली गेलं की गुणांपुरतं तिथंच उतरल्याचं धरायचं. आज दीडशे मीटरवर आलेला वैमानिक ते पावणेसातशे गुण वाचवण्यासाठी घिरट्या घालत राहतो. इतक्या खाली वळणात वेग पडला, तर सावरायला उंची उरत नाही. मर्यादा असेल तर तिथं टिकून राहण्यात गुणच नाहीत. तो सरळ चांगलं शेत निवडेल. हा निर्णय वैमानिकावरच सोडावा, असं विरोधक म्हणतात. पण सध्याचं सूत्रही त्याला एका बाजूला ढकलतच असतं. उंचीची नोंद प्रत्येक ग्लायडरमधला जीपीएस रेकॉर्डर ठेवतोच, त्यामुळे तपासणी अवघड नाही. अवघड आहे ती आल्प्ससारख्या डोंगराळ भागातली आखणी. तिथं दरी आणि कडा यांच्यासाठी एकच उंची चालणार नाही. दर स्पर्धेसाठी नकाशावर वेगळी मर्यादा आखावी लागेल.