नोरा साकारणाऱ्या बायका

इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'चा पहिला प्रयोग कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात २१ डिसेंबर १८७९ रोजी झाला. नवऱ्याच्या आजारपणासाठी वडिलांची खोटी सही करून कर्ज काढणारी आणि ते गुपचूप फेडत राहणारी नोरा शेवटी नवरा आणि तीन मुलं सोडून घराबाहेर पडते. तोवर नाटकात घर सोडणाऱ्या बाईच्या नशिबी बहुधा पश्चात्ताप किंवा मरण असे. नोरा नुसती निघून जाते.

याचं श्रेय आपण इब्सेनला देऊन मोकळे होतो. पण ही भूमिका कुणीतरी अंगावर घ्यायची होती. जर्मनीत हेडविग नीमान-राबे या नामवंत नटीने हा शेवट करायला साफ नकार दिला. मी माझी मुलं कधीच टाकणार नाही, असं तिचं म्हणणं. तिथे नाटकाला कायद्याचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने १८८० मध्ये वेगळा शेवट लिहून दिला. नवरा हेल्मर नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीपर्यंत ओढत नेतो, ती दाराशीच कोसळते आणि पडदा पडतो. इब्सेनने स्वतःच याला रानटीपणा म्हटलं. मला त्या नटीचा राग येत नाही. तिने नोराचं पाऊल किती अवघड आहे हे ओळखलं होतं.

लंडनमध्ये १८८९ साली जॅनेट अचर्चने नोरा केली. १८९१ मध्ये एलिझाबेथ रॉबिन्स आणि मॅरियन ली यांनी कुणा मॅनेजरची वाट न पाहता इब्सेनचंच 'हेडा गॅब्लर' स्वतः उभं केलं. पुढे रॉबिन्सनेच स्त्रियांच्या मताधिकारावर नाटक लिहिलं; १९०७ मध्ये ते कोर्ट थिएटरात झालं आणि ट्राफल्गार चौकातली सभा थेट रंगमंचावर आली.

मराठीत त्या सुमारास नायिका व्हायचे ते बालगंधर्व, म्हणजे पुरुष नट. 'एकच प्याला'तली सोशिक सिंधू १९१९ ची, तीही त्यांचीच. हिराबाई बडोदेकरांसारख्यांनी बायकांसाठी रंगमंचाची वाट मोकळी केली होती, तरी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आणलं तेव्हा ज्योत्स्ना भोळे यांनी त्यात काम करणं ही मोठीच गोष्ट होती. मूळ नाटक इब्सेनच्याच नॉर्वेतल्या ब्यर्नसनचं. लग्नाआधीच्या शुद्धतेचा जाब ते पुरुषालाही विचारतं. हा प्रश्न बाईच्याच तोंडून यायला हवा होता. पुढे १९४२ मध्ये रांगणेकरांच्या 'कुलवधू'त त्याच ज्योत्स्नाबाई भानुमती झाल्या, सिनेमात काम करून कमावणारी सून.