आपले मूल, आपले घर (लेखांक ६) : न्हाणीचे दार

मागच्या आठवड्यात आपण दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचे पाहिले. ते कागद एकदा जमले की फाईलमध्ये राहतात. आजचा विषय मात्र रोज सकाळी घरात उभा असतो, आणि जळगाव-धुळ्याकडच्या आया तो एकमेकींशीही दबक्या आवाजातच बोलतात. दिव्यांग मूल वयात येऊ लागले की त्याला अंघोळ कोणी घालायची, कपडे कोणी बदलायचे, मुलीच्या पाळीचे काय करायचे?

आधी वजनाचे बोलू. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला सहाव्या वर्षी आई कडेवर घेऊन सिव्हिलच्या पायऱ्या चढते. बाराव्या वर्षी तेच मूल खाटेवरून उचलताना तिच्या कमरेत कळ येते. याच वयात उंची झपाट्याने वाढते. हाडे भराभर लांबतात, पण ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. मग टाचा, गुडघे, खुबे आखडू लागतात. काल धरून चालणारा मुलगा बसून राहू लागला तर घरात ‘आळशी झाला’ असे म्हणतात, ते चूक आहे. कॅलिपर आखूड झाला का, कातडी कुठे लाल होते का, हे पाहावे. डॉक्टरांना खुब्याचा एक्स-रे काढायचा का, असे आपणहून विचारावे. व्यायाम या वर्षांत तर मुळीच सोडू नये.

न्हाणीत मुलाला पाटावर बसवून आई वाकून पाणी घालते. पाठ जाते ती इथे. हातांची खुर्ची, छातीशी एक कापडी पट्टा आणि भिंतीला घट्ट बसवलेला गज एवढ्यावर बरेच भागते. उंबरा फोडून उतार केला तर खुर्ची सरकवत आत नेता येते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अशा कामासाठी तिथे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

पाठ वाचवण्याइतकेच दुसरे एक काम न्हाणीत होते. साबण मुलाच्या हातात द्या. चेहरा, छाती आणि लघवीची जागा त्याने स्वतः धुवावी. हात वळत नसेल तर आपला हात त्याच्या हाताखाली धरा. वेळ लागेल, पाणी सांडेल, शाळेची गाडी चुकेल. तरीही हे रोज व्हावे. ज्या मुलाला कोणीही, कधीही, दार उघडे टाकून धुतो, त्याला नको असलेला स्पर्श वेगळा ओळखायचा कसा? त्याने ‘नको’ म्हटले किंवा मान फिरवली तर थांबायचे, दार लावायचे, आत येण्याआधी सांगायचे. दिव्यांग मुलाच्या असहायतेचा फायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार २०१२ च्या पोक्सो कायद्यात अधिक गंभीर गुन्हा धरला आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पण या सगळ्याआधी घरातले दार येते.

आता मुलींचे. ‘आते पोर मोठी व्हई गयी’ असे आजी म्हणते, आणि पाठोपाठ कोणीतरी सुचवते, ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ हे सांगणारे बहुधा मायेनेच सांगतात. तरी हा सल्ला मानू नका. १९९४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या अशाच काढल्या गेल्या. कारण दिले होते पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे दहावे कलम आज स्पष्ट सांगते की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला मूल होऊ न देणारा वैद्यकीय उपाय करता येत नाही. पिशवी काढल्याने अत्याचार टळत नाही. फार तर गर्भ राहत नाही, आणि अत्याचार झाल्याचे कळायची एक वाट बंद होते.

पाळी शिकवता येते, आणि ती पहिल्या पाळीच्या आधीच शिकवायला घ्यावी. निकरवर पेनाने पॅडच्या आकाराची रेघ ओढा, म्हणजे पॅड कुठे चिकटवायचे ते दिसते. दुपारी तासभर कोरडे पॅड लावून बसायची सवय करा. मोठ्या बहिणीने आपले पॅड कागदात गुंडाळताना दाखवावे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या दिवसांना लाल टिकली लावा. ज्या मुलींना आकडी येते, त्यांच्यात काहींना पाळीच्या सुमारास ती वाढते. या टिकल्या डॉक्टरांना दाखवल्या तर औषध ठरवायला उपयोग होतो.

उन्हाळ्याचे एक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. आकडीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंग तापते. त्या दिवसांत डायपर तासन्‌तास ठेवू नका आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

मुलग्यांचे प्रश्न घरात आणखी झाकले जातात. बारा-तेरा वर्षांचा मुलगा चारचौघांत चड्डीत हात घालतो, तेव्हा त्याला मारतात. त्याला जागा सांगा: हे इथे नाही, पडद्याआड. श्रावणात कानबाईला भाऊबंदकी गोळा होते, रोट होतात, आणि लहानपणापासून सगळ्यांच्या गळ्यात पडणारा मुलगा तेव्हाही गळ्यात पडतो. आता बायका आकसतात, त्याला मात्र काय बदलले ते कळत नाही. हात जोडून ‘रामराम’ करणे त्याला दोन-चार महिने आधीपासून शिकवा, आणि पाहुण्यांनाही सांगा की त्याला ओढून जवळ घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाचे पाहू. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती असते. अर्ज तिच्याकडे करायचा, आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.