दारात फुले हवीत, पण आपल्या मातीतली

पेणच्या खारेपाटात उन्हाळा लागला की हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या भगिनी गावोगाव दिसतात. अशा घराच्या दारात गुलाब लावला, तर त्याचे पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार? हा प्रश्न आम्ही वेळेवर स्वतःला विचारला नाही. एका वर्षी बाजारातून गुलाबाची सहा रोपे आणली. चार पावसात कुजली, दोन एप्रिलमध्ये वाळली. पैसे गेले आणि घरातल्या बायकांचे श्रमही गेले. बांधावरची पारोसा भेंडी मात्र कोणी पाणी न घालता पिवळ्या फुलांनी डवरलेली होती!

बंधू-भगिनींनो, रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. अतिपाऊस आणि कोरड, दोन्ही सोसणारी झाडे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत.

खाडीकडच्या खारट जमिनीत उंडी, करंज आणि भेंडी लावावी. उंडीची पांढरी फुले सुवासिक असतात. भेंडीची फुले सकाळी पिवळी, संध्याकाळी लालसर होतात. तिची फांदी रोवली तरी जगते, म्हणून कुंपणालाही चांगली. खारट जमिनीत खड्ड्याऐवजी मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. पावसाने वरच्या मातीतले मीठ धुऊन जाते आणि मुळे कुजत नाहीत.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी, ओढ्याजवळ ताम्हण शोभते. आपल्या राज्याचे हे फूल एप्रिल-मेमध्ये जांभळे फुलते. डोंगराकडच्या तांबड्या मातीत बहावा, कुडा, पळस लावावेत. कुड्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजीही होते.

चाळीत किंवा वसाहतीत जागा हातभरच असते. तिथे अबोली, कोरांटी, अडुळसा पुरे. अबोलीच्या सुक्या शेंगा पाणी लागताच तडकून बी उडते आणि नवी रोपे फुकट मिळतात. जागा असेल तर बकुळ लावावी. तिची फुले सुकली तरी वास राहतो.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला सुंदर, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे वरवरची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य झाडे कोसळली. अशा वाऱ्यात कोणतेही मोठे झाड पडू शकते. तेव्हा पत्र्याच्या घराला लागून मोठे झाड लावूच नये, गुलमोहर तर नाहीच.

आणखी एक खबरदारी. पावसाळ्यात फुलणारी कळलावी आपल्याच मातीतली, पण तिचा कंद जहाल विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तशाच. लहान मुले असलेल्या घरी ही दोन्ही नकोत.

रोपांसाठी फार पैसे लागत नाहीत. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली मिळतात. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही चौकशी करावी. पहिला पाऊस मुरला की रोप लावावे आणि दिवाळीनंतर बुंध्याशी भाताचा पेंढा पसरावा, म्हणजे ओल टिकते. पहिली एक-दोन वर्षे भांडी विसळलेले पाणी घातले तरी भागते.

झाड आपल्या मातीतले असले, तर घरातल्या भगिनीच्या डोक्यावरचा एक हंडा कमी होतो. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घराने असे एक तरी झाड लावावे, एवढीच आमची विनंती.