कादंबरीतलं वादळ, डार्करूममधलं आभाळ

दुसरं महायुद्ध संपत आलं तसा बिल ब्रँट या फोटोग्राफरचा कॅमेरा माणसांकडून माळरानाकडे वळला. तोवर त्याचं नाव झालं होतं ते माणसांच्या फोटोंमुळेच. 1936च्या ‘द इंग्लिश ॲट होम’ या पुस्तकात त्याने साहेबांचे दिवाणखाने आणि कामगारांची घरं एकत्र आणली. 1937मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडची बेकारी टिपली, तर 1940मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने लंडनच्या भुयारी स्टेशनांत झोपलेले लोक. पण पुढे असे फोटो जो-तो काढू लागला आणि ब्रँटचा त्यातला रस आटला.

मग ‘लिलिपुट’ या खिशात मावणाऱ्या मासिकासाठी तो लेखकांचे मुलूख धुंडाळू लागला.

त्यातला सगळ्यांत गाजलेला फोटो 1945चा. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, उघड्या माळावर टॉप विदन्स नावाचं पडकं शेतघर आहे. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मधलं घर ते हेच, असा समज. कादंबरी 1847ची. पुढच्याच वर्षी एमिली गेली, वयाच्या तिसाव्या वर्षी. घराचा समज पसरला तो नंतर. 1872च्या सचित्र आवृत्तीचं काम विंपरिस या चित्रकाराकडे होतं आणि त्याला ही जागा सुचवली एमिलीची बहीण शार्लट हिची मैत्रीण एलन नसी हिने.

उन्हाळ्यात ही जागा ब्रँटच्या मनास आली नाही. गारपीट होऊन गेलेली, माळावर वारा घोंघावतोय, अशा ऐन हिवाळ्यात तो पुन्हा गेला आणि हवा तो फोटो मिळवला. वाऱ्याने झोपवलेलं गवत, चढावर एकटं घर, वर काळवंडलेलं आभाळ. हे आभाळ मात्र तिथलं नव्हे! दुसऱ्या निगेटिव्हवरून ते डार्करूममध्ये चढवलेलं आहे.

बातमीच्या फोटोत असं केलं तर ती लबाडीच. ब्रँटला मात्र कादंबरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते हवं होतं, आणि तिथे निसर्गाने साथ दिली नाही तर तो स्वतःच आभाळ आणत असे. हा निर्णय योग्यच म्हणायला हवा.

1947च्या हिवाळ्यात बर्फात बुडालेलं स्टोनहेंज त्याने टिपलं. थॉमस हार्डीच्या कादंबरीतली टेस पकडली जाते ती याच शिळांमध्ये. पण कोळसाटंचाईने गारठलेल्या त्या वर्षी ‘पिक्चर पोस्ट’ या साप्ताहिकाने तो फोटो मुखपृष्ठावर घेतला, तो देशाची अवस्था दाखवायला.

1951मध्ये ‘लिटररी ब्रिटन’ हे पुस्तक आलं. शंभरेक फोटो, प्रत्येकासमोर त्या-त्या लेखकाचा उतारा, माणसं जवळपास नाहीतच. सगळी पानं सारखी जमलेली नाहीत. लेखकांच्या घरांचे काही फोटो पोस्टकार्डाच्या वळणावर जातात. माळ, डोंगर, खडक आले की ब्रँटचा हात मोकळा होतो. गंमत म्हणजे ब्रिटिश साहित्याचा हा भूगोल रंगवणारा माणूस जन्माने हँबर्गचा. आपला जन्म लंडनचा, असं तो सांगत असे. 1983च्या डिसेंबरात तो वारला. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ‘लिटररी ब्रिटन’च्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं.

टॉप विदन्सला आजही लोक पायपीट करत जातात. वाटेवर जपानी भाषेतही दिशादर्शक पाट्या आहेत. घराच्या भिंतीवर ब्राँटे सोसायटीने 1964मध्ये बसवलेली पाटी सांगते की, हे घर धडधाकट होतं तेव्हाही कादंबरीतल्या घराशी त्याचं साम्य नव्हतं. एमिलीच्या मनात असलाच तर हा परिसर असावा. पाटी का लावली, हेही तिच्यावर लिहिलं आहे: लोक फार चौकशा करतात म्हणून.